नववीचं मोकळं वर्ष

मुलाला चौदावं लागलं की होमस्कूलिंगवाल्या घरांत एक प्रश्न येऊन बसतो. तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. मूल वाचतंय, स्वयंपाकघरात लुडबुडतंय, टेकडीवर जातंय, तबला वाजवतंय. नातेवाईकही आताशा फार बोलत नाहीत. मग कुणाच्या तरी मुंजीत शेजारच्या पानावर बसलेली मावशी विचारते, "ते सगळं झालं गं, पण दहावीचं काय?" दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईचा मला फोन येतो.

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवलं, बहुतेक काळ नववी-दहावीला. निवृत्त झाल्यावर आमच्याच सोसायटीतल्या, घरी शिकणाऱ्या एका मुलीला भूमिती शिकवायला लागले आणि तिच्यामागून बाकीची मुलं येत गेली. आता नववीचं वर्ष कसं आखायचं ते ठरवायला कोथरूड, सहकारनगर, बावधन, सिंहगड रस्ता अशा कुठून कुठून आईवडील मुलांना घेऊन येतात. शाळेतल्यासारखीच ही मुलंही मला ‘बाई’ म्हणतात.

त्या सगळ्यांना मी पहिल्या भेटीत सांगते, की तुमच्या मुलाच्या नववीचा हिशेब कुणीही मागणार नाही. बोर्ड मागणार नाही, कॉलेज मागणार नाही. दहावीचं प्रमाणपत्र लागेल, बारावीचं लागेल; नववीची गुणपत्रिका पुढे कुणी उघडूनही बघत नाही. हे ऐकून आईवडील घाबरतात. मला मात्र वाटतं, घरी शिकणाऱ्या मुलाच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. आखणी करायची ती हे वर्ष मोकळं राहावं म्हणून.

शाळेत नववीचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. जूनमध्ये मुलं येतात, गणपती-नवरात्र-दिवाळी होते, दिवाळीनंतर पालक दहावीच्या क्लासची चौकशी करू लागतात, आणि एप्रिलमध्ये शेवटचा पेपर होतो न होतो तोच व्हेकेशन बॅच सुरू. नववीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात त्रिकोण, चौकोन, वर्तुळ असे धडे आहेत. पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी तिथे मुलांच्या हातून पुन्हा पुन्हा करून घ्यायची असते. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसते म्हणून खरी मानायची नाही, ती दाखवून द्यावी लागते, हे तिथे मुलाला उमगायचं असतं. त्याला वेळ लागतो. चुकीची सिद्धता लिहून, ती कुठे तुटते ते शोधून, पुन्हा लिहून ते उमगतं. भरलेल्या वर्गात, संपत आलेल्या तासात मला तो वेळ देता आला नाही, देऊ दिला गेला नाही. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाच्या हातात अख्खं वर्ष आहे असं दिसलं, की मला ते फार जपावंसं वाटतं.

तरी सुरुवात मी कागदांपासून करते. कागदांची धास्ती डोक्यात असली की आईवडिलांना दुसरं काही सुचत नाही.

चौदा हे वय कायद्यातूनच आलेलं आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, तेव्हा घरी शिकवणाऱ्या पालकांत घबराट होती. सक्तीचं शिक्षण म्हणजे शाळेतच जाण्याची सक्ती का, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वखुशीने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, असं केंद्र सरकारने २०१२ मध्ये तिथे सांगितलं. पुढे तीही भूमिका ठाम राहिली नाही. चौदा पूर्ण झाले की तो प्रश्नच मागे पडतो, आणि नेमकं त्याच वयात परीक्षेचं दार उघडतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, माध्यमिकला प्रवेश द्यायला किमान चौदा वर्षं पूर्ण मागते.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं शेवटी याच वाटेने जातात. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. तिचं एक प्रादेशिक केंद्र पुण्यातच आहे. मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल तर आधीच्या शिक्षणाबद्दल स्वतःचं निवेदन चालतं, शाळेचा दाखला लागत नाही. भाषांच्या गटातून एक किंवा दोन आणि बाकीचे दुसऱ्या गटातून असे पाच विषय घ्यायचे. मराठी विषय म्हणून आहे, माध्यम म्हणूनही आहे. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं तर आहेतच. त्यांच्या जोडीला गृहविज्ञान, चित्रकला, मानसशास्त्र, लेखाशास्त्र, भारतीय संस्कृती आणि वारसा, हिंदुस्थानी संगीत असेही विषय आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. पाचही विषय एका झटक्यात द्यावे लागत नाहीत; जो तयार झाला तो आधी. हे कळल्यावर आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो.

दुसरी वाट राज्य मंडळाची, सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याची. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि जवळच्या संपर्क केंद्राच्या शाळेतून तो अर्ज जातो. पाचवी-सहावीपर्यंत शाळेत जाऊन मग घरी आलेल्या मुलांना ही वाट सोयीची पडू शकते. आजी-आजोबांना तर तीच आवडते, कारण निकाल इतर नातवंडांच्या निकालाबरोबर लागतो. राज्याचंही एक मुक्त विद्यालय मंडळ पुण्यात आहे. त्याची पाचवीची आणि आठवीची परीक्षा काही पालक सराव म्हणून देववतात. आमचं मूल कुठे उभं आहे हे एकदा कळू दे, एवढाच त्यांचा हेतू असतो आणि तो रास्त आहे. केंब्रिजची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देणारीही मुलं आहेत, पण तिची फी ऐकून बहुतेक घरं मागे सरतात.

नववीत करायचं कागदी काम एवढंच, की जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट असलाच तर तो, या सगळ्यांवरचं नाव अक्षरन्‌ अक्षर जुळतं का ते बघायचं. आपल्याकडे हे हमखास जुळत नाही. एकीकडे वडिलांचं नाव मधे आहे, दुसरीकडे नुसतंच आडनाव; एकीकडे ‘व्ही’ने सुरू होणारं स्पेलिंग, दुसरीकडे ‘डब्ल्यू’ने. महापालिकेत आणि आधार केंद्रात हेलपाटे घालायला नववीचं वर्ष हीच वेळ आहे, प्रवेशाची मुदत संपायच्या आठवड्यात ते होत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सही. प्रवेशअर्जावर विद्यार्थ्याची सही लागते, आणि या मुलांनी त्याआधी आयुष्यात कुठेच सही केलेली नसते. शाळेतली मुलं निदान वहीवर, हॉलतिकिटावर नाव खरडतात. सहकारनगरच्या एका मुलीने माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी कागद भरून सह्या केल्या. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग शेवटच्या अक्षराचा फरकाटा वर न्यायचा की खाली, यावर तिचं आणि तिच्या भावाचं वाजलं. मी गप्प बसून बघत होते. आपलं नाव आपण कसं लिहायचं हे ठरवत होती ती. त्या दुपारी गणित झालं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

याच मुलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नववीचं वर्ष कसं असू शकतं हे मला तिच्यामुळे सगळ्यात स्पष्ट दिसलं.

ती सहावीत शाळेतून निघाली. वाचन भरपूर, इंग्रजी उत्तम, चित्रं सुंदर काढायची, आणि गणिताचं नाव काढलं की उठून पाणी प्यायला जायची. आईला वाटत होतं, नववीचं गणिताचं पुस्तक जूनमध्ये उघडून पान एकपासून सुरू करावं. घरात आजोबाही होते, आईचे वडील, निवृत्त सरकारी नोकर. त्यांचं म्हणणं, सतरा नंबर भरा, क्लास लावा, दोन वर्षांत विषय संपवा. मी मुलीला विचारलं, "तुला या वर्षात काय करायचंय?" ती म्हणाली, "आजोबांचा पूर."

आजोबांचं लहानपण नारायण पेठेत गेलेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते चौथीत होते. वाड्याच्या जिन्यावर पाणी चढताना त्यांनी पाहिलं होतं आणि ती गोष्ट घरातल्या सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की आता कुणी नीट ऐकत नव्हतं. मुलीला ती लिहायची होती, चित्रांसकट.

आम्ही तिच्या वर्षाच्या मध्यावर तोच पूर ठेवला. आणि त्या पुराने काय काय ओढून आणलं! आजोबांच्या तोंडची गोष्ट उतरवून घेताना ती मराठी लिहायला लागली. बोलण्यातलं वाक्य कागदावर आणताना कुठे मोडतं, कुठे तसंच ठेवावं, हे तिचं तिला कळू लागलं. मग तिने आळीतल्या, नात्यातल्या आणखी म्हाताऱ्या माणसांना गाठलं. प्रत्येकाची वेळ निराळी, पाण्याची उंची निराळी. कुणाचं खरं? इतिहासाच्या पुस्तकात ‘साधने’ नावाचा धडा असतो, तो असा घरात येऊन उभा राहिला. विश्रामबागवाड्यातल्या शासकीय ग्रंथालयापासून ती शोधाला लागली. जुनी वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतात, त्यासाठी अर्ज कसा करायचा, कुणाला कसं विचारायचं, हे सगळं ती आईचा हात न धरता शिकली. धरणफुटीच्या चौकशीसाठी आधी बावडेकर आयोग नेमला होता आणि नंतर नाईक आयोग, हे कळल्यावर तिने मला विचारलं, "दोन का?" या एका प्रश्नावर नागरिकशास्त्राचे काही महिने निघाले.

धरण मातीचं होतं, काम अपुरं होतं आणि त्याच पावसाळ्यात ते भरलं होतं. जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास तगवलं, नाहीतर पाणी रात्रीच शहरात शिरलं असतं. पानशेतचा लोंढा खाली खडकवासल्यात आला आणि १८७९ साली पुऱ्या झालेल्या त्या दगडी धरणालाही तो झेपला नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर का वाढतो, धरण पायाशी रुंद का असतं, हे विज्ञान तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिला ते हवंच होतं.

आणि गणित. पावसाळ्यात पुण्याच्या प्रत्येक वर्तमानपत्रात खडकवासला धरणसाखळीचे आकडे येतात, ते मी तिच्यापुढे ठेवले. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७ टीएमसी. "टीएमसी म्हणजे काय गं?" तिला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, आजोबांना होतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर. मग एक टीएमसी म्हणजे किती लिटर? शून्यं मोजता मोजता ती कंटाळली आणि दहाचे घात कशासाठी असतात ते तिला पटलं. उत्तर आलं सुमारे २,८३० कोटी लिटर. मग मी विचारलं, एक टीएमसी पाणी बरोबर चोवीस तासांत नदीत सोडायचं, तर किती क्युसेकने, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, सोडावं लागेल? तिने दिवसाचे सेकंद काढले, ८६,४००. भागाकार केला. ११,५७४. आणि ती उठून आजोबांकडे गेली, कारण त्या सकाळच्या पेपरात ‘खडकवासल्यातून विसर्ग’ या मथळ्याखाली क्युसेकचा आकडा होता, आणि आता ती तो वाचू शकत होती. पाणी प्यायला जायची वेळच आली नाही. खडकवासला आणि पानशेत यांच्या आकड्यांकडे बघत ती म्हणाली, "आजोबा, वरचं खालच्याच्या पाचपट आहे. ते खालच्यात मावणारच नव्हतं." आजोबा काही वेळ काहीच बोलले नाहीत. हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं, आकड्यांत कधी पाहिलं नव्हतं.

हे असं प्रत्येक मुलाचं होईल असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक मुलाच्या नववीत एक मोठं, लांबणारं, स्वतःचं काम असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहावीनंतर असं वर्ष पुन्हा मिळत नाही. अकरावी-बारावीला प्रवेशपरीक्षा येतात, पुढे पोटापाण्याचं येतं. सिंहगड रस्त्यावरच्या एका मुलाचं काम पक्ष्यांचं होतं. पाषाण तलाव, वेताळ टेकडी, हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला. औंधच्या एका मुलाला हाताने वस्तू करण्याचा नाद. तो शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन राहिला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो उभा केला. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम यांतून तिथे विज्ञान शिकवतात. तिथून परत आल्यावर त्याने घरातला प्रत्येक डगमगता स्टूल दुरुस्त केला आणि मग काटकोन त्रिकोणाबद्दल माझ्याशी अगदी अधिकाराने बोलला.

पुण्यात असण्याचा फायदा मी या मुलांना भरभरून घ्यायला लावते. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. ती सगळी आणि शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमाराला आयुका आणि खोडदची महादुर्बीण सर्वांना बघायला खुली होतात. गणितात खरंच रमणाऱ्या मुलांना मी भास्कराचार्य प्रतिष्ठानची वाट दाखवते. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये ती संस्था काढली. आणि बालभारतीची पुस्तकं. एनआयओएसला बसणाऱ्या मुलांनाही मी नववीची भूमिती बालभारतीच्या पुस्तकातूनच करायला लावते. तिथली रचना आणि सिद्धतेची उदाहरणं मला अजूनही चोख वाटतात.

आता जे सोपं नाही ते.

घरी शिकलेल्या मुलाला हाताने लिहायची सवय नसते. बोलतं छान, टाइप करतं भराभर, पण तीन तास पेन धरायचं म्हटलं की पाऊण तासात बोटं दुखायला लागतात. पक्षीवाल्या मुलाचं हेच झालं. मी त्याला एका विषयाचा जुना पेपर सोडवायला दिला. उत्तरं सगळी येत होती, तिसऱ्या पानानंतर अक्षर वाचता येईना. तेव्हा नववीपासून रोज एक पान हाताने लिहायचं. काय लिहायचं ते मुलाने ठरवावं. त्याने पक्ष्यांच्या नोंदी लिहिल्या. दिवाळीपर्यंत पानाची दोन झाली, संक्रांतीपर्यंत तो घड्याळ लावून तासभर सलग लिहू लागला. गणिताच्या पायऱ्यांचं तेच. ही मुलं उत्तर डोक्यात काढतात आणि नुसतं उत्तर लिहितात. परीक्षकाला पायऱ्या लागतात, कारण गुण पायऱ्यांना असतात, आणि मला विचाराल तर विचार तिथेच दिसतो. एनआयओएसच्या गृहपाठांनाही, ज्यांना टीएमए म्हणतात, वीस टक्के वजन असतं. ते नीट मांडून लिहायची सवय आदल्या वर्षी लागली तर पुढे धावपळ होत नाही.

एकटेपणाबद्दल आईवडील कमी बोलतात. दहाव्या वर्षी मुलाला आईवडील पुरतात, चौदाव्या वर्षी पुरत नाहीत आणि पुरूही नयेत. त्याला त्याच्या वयाची माणसं हवीत, ज्यांच्याशी आपल्याला न सांगता काहीतरी बोलता येईल. देशभरातल्या होमस्कूलिंगच्या पालकांचा ‘स्वशिक्षण’ नावाचा संघ आहे, पुण्यातली कुटुंबंही एकमेकांना धरून आहेत, मुलं सहलींना भेटतात. पण महिन्यातून एखादी सहल ही मैत्री नव्हे. म्हणून वर्षाच्या आखणीत मी आठवड्यातून तीन-चार वेळा ठरलेल्या मुलांत जाणं बसवायला लावते, मग ते मैदान असो, ढोल-ताशा पथक असो, नाटकाची तालीम असो. आणि मुलाला शाळेत परत जावंसं वाटत असेल तर नववी ही त्यासाठी चांगली वेळ आहे, हेही मी स्पष्ट सांगते. काही आईवडिलांना त्याचा राग येतो. येऊ दे. मुलाचं शिक्षण आहे, आईवडिलांचं मत सिद्ध करायचं ठिकाण नाही.

मालविका जोशीचं उदाहरण माझ्यापुढे सगळेच ठेवतात. मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये सतराव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला गेली. खरंच अभिमान वाटावा अशी ही मुलगी. पण गोष्टीचा दुसरा भागही मी पालकांना सांगते. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिचं ज्ञान बघून तिला घेतलं, एमआयटीने तिची पदकं बघून घेतलं. पदकांच्या बळावर दार उघडेल असं समजून आपल्या मुलाची कागदपत्रं सोडून देणं मला पटत नाही. घरी शिकून मोठी झालेली माणसं या शहराला नवी नाहीत. आईवडिलांपाशी संस्कृत शिकलेल्या, कधीही शाळेत न गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये इथेच आर्य महिला समाज काढला. पण तेव्हा कुणी गुणपत्रिका मागत नव्हतं, आता मागतात. दहावी-बारावीचे कागद मुलाच्या हातात असू द्यावेत, त्याने ते वापरले नाहीत तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मला लिहायलाच हवी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हे सगळं आईच्या अंगावर असतं. नोकरी तिने सोडलेली असते, वेळापत्रक ती सांभाळते, नातेवाईकांची बोलणी तीच खाते. वडिलांचा पाठिंबा असतो, म्हणजे ते ‘माझा पाठिंबा आहे’ असं म्हणतात. नववीचं वर्ष आखताना मी वडिलांना समोर बसवून एक विषय पूर्ण त्यांच्या नावावर लिहून घेते. विज्ञान असो, अर्थनियोजन असो, स्वयंपाक असो. मुलाला त्या विषयात अडलं की त्याने आईकडे जायचं नाही. हे जमलेल्या घरांत दहावीचं वर्ष किती हलकं गेलं, ते मी बघितलं आहे.

आखणी आम्ही कालनिर्णयवर करतो. जून ते मे अशी पानं पसरायची आणि पेन मुलाच्या हातात द्यायचं. आधी पालख्या येतात तो दिवस, मग गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, गावची जत्रा, हे सगळं मोकळं सोडून द्यायचं. या दिवसांत अभ्यास होणार नाही हे मान्य केलं की भांडणं निम्मी होतात. मग मोठ्या कामाचे महिने. पुरावर काम करायचं तर पावसाळ्यात, पक्ष्यांवर तर हिवाळ्यात. मग रोजचा गणिताचा आणि लिहिण्याचा वेळ, सकाळचा, फार तर दीड तास. प्रवेशाची, नोंदणीची तारीख शेवटी, वेगळ्या रंगाने. एनआयओएसचे नियम आणि मुदती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच लिहायच्या, कुणाच्या व्हॉट्सॲपवरून नाहीत. क्लासचं नाव कॅलेंडरवर आलं तर मी विचारते, हे कुणी लिहिलं? मुलाने लिहिलं असेल तर राहू दे, आईने लिहिलं असेल तर पेन पुन्हा मुलाकडे.

सहकारनगरच्या त्या मुलीची पुराची वही आता पुरी होत आली आहे. लकडी पुलाचं चित्र तिने तीनदा काढलं, कारण पाणी पुलावरून जाताना कठडा दिसत होता की नव्हता, यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नव्हतं. शेवटी तिने दोन्ही चित्रं ठेवली आणि खाली कोण काय म्हणालं ते लिहिलं. या उन्हाळ्यात तिची एनआयओएसची नोंदणी करायची आहे. विषय तिने ठरवले आहेत: मराठी, इंग्रजी, विज्ञान, चित्रकला आणि गणित. पहिले चार ती पुढच्या एप्रिलमध्ये देईल. गणित मात्र ऑक्टोबरला, कारण त्रिकोणांच्या सिद्धता तिला घाईत उरकायच्या नाहीत. आजोबांना हे अजून पटलेलं नाही. एकदाच बसावं आणि मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. नात वर्षाचं सगळं कॅलेंडर घेऊन रविवारी त्यांच्यासमोर बसणार आहे. तिने मलाही बोलावलं आहे, "पण बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही," असं बजावून.